व्हीसी फंडासाठी स्काउट व्हायचंय? मग आधी गिऱ्हाइकाकडे जाऊन या

व्हीसी फंड म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालणारा फंड. त्याची माणसं बहुतेक बंगळुरू, मुंबई, गुडगावला बसलेली असतात, त्यांना सगळीकडे पोचणं शक्य नसतं, म्हणून बाहेरची माणसं त्यांना चांगल्या स्टार्टअपची खबर आणून देतात, ते स्काउट. अमेरिकेत सिकोया या व्हीसी फंडाने २००९ च्या सुमारास हे पद्धतशीर सुरू केलं, जेसन कॅलाकॅनिस हा उद्योजक त्यांचा स्काउट असताना त्याने उबरमध्ये अगदी सुरुवातीला २५ हजार डॉलर टाकले आणि तिथून या कामाचं खरं नाव झालं.

प्रकार दोन आहेत. एकात तुम्ही फक्त ओळख करून देता, फंडाने गुंतवणूक केली तर ठरलेली फी मिळते किंवा पुढच्या नफ्यात छोटा वाटा. दुसऱ्यात फंड तुमच्या हातात काही रक्कम देतो आणि छोटे चेक कुणाला द्यायचे ते तुम्ही ठरवता. सुरुवात जवळजवळ सगळ्यांची पहिल्या प्रकारातच होते आणि ते बरंच आहे.

पैशाचा हिशोब आधीच डोक्यात स्पष्ट असू द्या. समजा २० लाखांचा चेक गेला, कंपनीची किंमत पैसे आल्यावर १० कोटी धरली, म्हणजे २ टक्के हिस्सा. पुढच्या राउंडमध्ये, म्हणजे कंपनी पुन्हा पैसे उभे करते तेव्हा, नवे गुंतवणूकदार येतात तसा तो घटत १.२ टक्क्यांवर आला, आणि कंपनी २०० कोटींना विकली गेली तर त्या हिश्शाचे २ कोटी ४० लाख. मूळ २० लाख फंडाचे वजा केले की २ कोटी २० लाख नफा, तुमचा वाटा २० टक्के ठरला असेल तर ४४ लाख. पण हे सगळं चांगलं झालं तर, आणि त्याला सात-आठ वर्षं सहज लागतात, बहुतेक चेक तर बुडतातच. त्यामुळे नोकरी सोडून स्काउटिंग करू नका, खरंच नका करू, घरखर्चाची चिंता असलेला माणूस कच्ची कंपनीसुद्धा पक्की आहे म्हणून फंडाच्या गळ्यात मारायला लागतो आणि तिथेच त्याचा शब्द संपतो.

आता मुख्य काम, स्टार्टअप शोधायचे कुठे. डेमो डेला (स्टार्टअप गुंतवणूकदारांसमोर आपलं काम मांडतात तो कार्यक्रम) जाऊन फारसा उपयोग नाही, तिथे फंडाची माणसं स्वतःच पहिल्या रांगेत बसलेली असतात. तुम्ही जिथे वर्षानुवर्षं काम केलंय, जिथली माणसं तुमचा फोन उचलतात, ते तुमचं रान. फार्मात असाल तर पुण्याच्या एनसीएल कॅम्पसमधलं व्हेंचर सेंटर, इंजिनिअरिंगवाले असाल तर पिंपरी-चिंचवड, मराठवाड्यात असाल तर संभाजीनगरचं मॅजिक, पवईत आयआयटीचं साइन; व्हेंचर सेंटर, मॅजिक, साइन ही नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणारी केंद्रं. या ठिकाणी फक्त कार्यक्रमाला जाऊ नका, एरवीच्या दिवशी जा, कोण उशिरापर्यंत बसतं, कुणाकडे माल न्यायला गाडी येते ते बघा. आणि आपल्या जुन्या ऑफिसमधून कोण नोकरी सोडून काहीतरी सुरू करतंय त्यावर कायम लक्ष ठेवा, कंपनी रजिस्टर व्हायच्या आधी कळलेली खबर फंडाला सगळ्यात जास्त हवी असते.

फंडाचं रानही बघून घ्या. ओम्निव्होअर शेती आणि अन्न यात पैसे घालतं, स्पेशाले इन्व्हेस्ट डीपटेकमध्ये, म्हणजे संशोधनावर उभ्या तंत्रज्ञानात, तिथे लग्नाच्या हॉलच्या बुकिंगचं अॅप पाठवलं तर तुमचा पुढचा मेल कुणी उघडणारच नाही. कुठल्या स्टेजला, किती रकमेचा चेक, कुठलं क्षेत्र, हे त्यांच्या साइटवर आणि मागच्या गुंतवणुकींत दिसतं.

मग तपासणी, आणि इथे स्काउटची खरी किंमत आहे असं माझं ठाम मत आहे. डेक (कंपनीची माहिती देणाऱ्या स्लाइड्स) तर फंडालाही मिळतो, फाउंडर झूमवर त्यांच्याशीही बोलतो, पण गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन उभं राहणं मुंबईतल्या अॅनालिस्टला जमत नाही ते तुम्हाला जमतं. समजा एक टीम भोसरी-चाकणच्या वर्कशॉपना सीएनसी मशीनवर (संगणकावर चालणारं धातू कापायचं यंत्र) बसणारा सेन्सर विकते, मशीन कधी आणि का थांबलं ते मोबाइलवर दिसतं. फाउंडरला सांगून त्याच्या दोन-तीन गिऱ्हाइकांकडे जा (भोसरीत जाणार असाल तर गुरुवार सोडून, साप्ताहिक सुट्टी असते) आणि मालकाला नाही, सुपरवायझरला विचारा. आवडलं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. आज सकाळी अॅप उघडलंत का, काय दिसलं, त्यावरून काय केलंत, असं विचारा. तो खिशातून मोबाइल काढून सांगायला लागला की तुम्हाला उत्तर मिळालं, आणि पासवर्ड ऑफिसमध्ये कुणाकडे तरी आहे म्हणाला तरी मिळालं.

कागद बघणं सोपं आहे. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर कंपनीचा मास्टर डेटा फुकट दिसतो, डायरेक्टर कोण, भागभांडवल किती, बँकेचा चार्ज, म्हणजे कर्जापोटी काही तारण आहे का. थोडी फी भरली की पीएएस-३ (शेअर वाटपाचा फॉर्म) सारखे फॉर्म उघडता येतात, त्यात आधी कुणाला काय भावाने शेअर दिले ते कळतं. कुणा मामाने दहा लाख देऊन ४० टक्के घेऊन ठेवले असतील तर ते इथेच सापडतं आणि असं काही असेल तर फंड सहसा पुढे जात नाही.

फंडाला पाठवायची नोट एका पानापेक्षा मोठी नको. वरच्याच उदाहरणाची अशी लिहिता येईल: "दोन फाउंडर, एक जण आठ वर्षं टूलरूममध्ये होता. ११ वर्कशॉप पैसे देतायत, मशीनमागे महिना ९०० रुपये. मी तीन ठिकाणी जाऊन आलो, दोन ठिकाणी सुपरवायझर रोज सकाळी बघतो, तिसरीकडे महिनाभर कुणी उघडलेलं नाही. धोका हा की मशीन बनवणारी कंपनी उद्या हेच फुकट देऊ शकते. तरी मला हे बघण्यासारखं वाटतं, कारण यांचा सेन्सर जुन्या मशीनवरही बसतो." तिसऱ्या वर्कशॉपची गोष्ट लपवू नका, ती वाचूनच समोरच्याचा बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. फंडाशी ओळख नसेल तर त्यांच्या क्षेत्रातल्या दोन-तीन अशा नोट्स स्वतःहून पाठवा, स्काउट म्हणून घ्या अशा अर्जापेक्षा त्याने जास्त दारं उघडतात.

फाउंडरच्या परवानगीशिवाय मात्र त्याचं नाव किंवा डेक कुणालाही पाठवायचा नाही, आधी त्याला विचारायचं, मग फंडाला बघायचंय का ते विचारायचं, मग ओळख. फंडाने नाही म्हटलं तर फाउंडरला दोन दिवसांत फोन करून खरं कारण सांगा, महिनोन् महिने लटकलेला फाउंडर बिचारा दुसरीकडे पैसे मागायचा थांबलेला असतो. आणि फाउंडरकडून कमिशन घेऊ नका, फंडाकडून घेताय ना, मग दोन्हीकडून घेतलं की तुमचं मत विकलं गेलं.

तोंडी ठरलेल्यावर जाऊ नका, अॅग्रीमेंट करा आणि त्यात काही गोष्टी नीट वाचा. तुम्ही दिलेली ओळख किती महिने तुमच्या नावावर धरणार, फंडाने आज नाही म्हटलं आणि पुढच्या राउंडला पैसे टाकले तर तुम्हाला काही मिळणार का, वाटा प्रत्येक डीलवर वेगळा का सगळ्या डील एकत्र करून, तुम्ही काम सोडल्यावर जुन्या डीलचं काय, दुसऱ्या फंडालाही खबर देता येते का. नोकरीत असाल तर अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते बघून एचआरची लेखी परवानगी घ्या. फी आली की टीडीएस कापून येतो, तो इन्कम टॅक्सच्या साइटवर तुमच्या नावावर दिसतोय का ते बघा, आणि सगळं मिळून वर्षाची सेवेची उलाढाल २० लाखांवर जाणार असेल तर जीएसटी नंबरसाठी सीएला आधीच गाठा.