पाय कसे मारता, त्यावर फिन्स ठरवा
डायव्हिंगसाठी फिन्स (पायात घालायची वल्ह्यासारखी पाती) घेण्याआधी पाण्यात तुमचे पाय कसे चालतात, ते सोबत्याला बघायला सांगा. कमरेपासून आळीपाळीने वर-खाली मारत असाल, तर मधोमध चिरलेल्या स्प्लिट फिन्स हलक्या जातात. फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखे दोन्ही पाय एकदम फाकवून मारत असाल, तर मात्र त्या घेऊच नका: तळवे आत वळवून पाणी मागे ढकलताना चिरलेलं पातं दुमडतं, जोर वाया जातो, उलटं मागे सरकणं तर फारच अवघड. तिथे आखूड, रुंद, कडक, न चिरलेल्या पात्याच्या पॅडल फिन्सच हव्यात. पण पातं पायाच्या ताकदीपेक्षा कडक निघालं, तर पोटऱ्यांत गोळे येतात. ओपन-हील, म्हणजे टाचेकडे उघड्या फिन्स डायव्हिंगचे बूट चढवूनच घालून बघा. पाय आत हलत असेल, तर किकचा जोर पात्यापर्यंत पोचतच नाही.