स्विमिंग पूलची ऑटोमॅटिक सिस्टिम मधेच बंद पडते? बोर्ड बदलायच्या आधी हे बघा

सकाळी पंप व्यवस्थित चालू असतो, फिल्टरच्या प्रेशरचा काटा जागेवर, पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या क्लोरिनेटरचा हिरवा दिवा लागलेला, आणि तासाभराने जाऊन बघावं तर सगळं चिडीचूप. परत चालू केलं की चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं दोन-तीनदा झालं की कुणीतरी म्हणतंच, "बोर्ड गेला वाटतं". बोर्ड, म्हणजे हे सगळं चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरमधलं सर्किट, जातो, नाही असं नाही, पण तो सगळ्यात महागड्या पार्टपैकी एक आणि संशय मात्र पहिला त्याच्यावरच, हे काही बरोबर नाही. मी स्वतः एकदा बोर्ड बदलून मोकळा झालो आणि नव्या बोर्डावरही तिसऱ्या दिवशी पंप बंद, शेवटी सापडलं काय तर न्यूट्रलचा एक स्क्रू अर्धा फेरा ढिला. त्यानंतर मी कधीही उलटं सुरू केलं नाही, फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

सुरुवातीला एक गोष्ट, आणि ही वगळू नका. पाणी आणि वीज शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे पूलमध्ये कुणी असताना यातलं काहीही करायचं नाही. पॅनलचं आतलं कव्हर काढायचं असेल तर मेन ब्रेकर बंद आणि मीटर लावून खरंच बंद झालाय ना हे बघायचं. व्हेरिएबल स्पीड पंप असेल तर त्याच्या ड्राइव्हमधले (पंपाचा वेग ठरवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) कपॅसिटर सप्लाय तोडल्यावरही काही वेळ चार्ज धरून ठेवतात, किती मिनिटं थांबायचं ते त्याच्या लेबलवर लिहिलेलं असतं, तेवढं थांबा. चालू लाईनवर मीटर लावायची सवय नसेल तर ते काम सरळ इलेक्ट्रिशियनला द्या, त्यात कमीपणा नाही.

1. नक्की बंद काय झालंय ते बघा

"सिस्टिम बंद पडली" यात तीन वेगळी दुखणी असतात आणि लोक तिन्हीला एकच नाव देतात. बंद पडल्या पडल्या काहीही रिसेट न करता (हात शिवशिवतात, पण थांबा) आधी कंट्रोलरचा डिस्प्ले बघा.

डिस्प्लेच काळा असेल तर कंट्रोलरला वीज मिळत नाहीये, म्हणजे ब्रेकर, ट्रान्सफॉर्मर, फ्यूज या बाजूला जायचं. डिस्प्ले चालू आहे आणि पंप "ऑफ" दाखवतोय, तर कंट्रोलरने पंप स्वतः बंद केलाय, म्हणजे त्याला कुठूनतरी तसा आदेश मिळालाय. आणि डिस्प्ले म्हणतोय पंप "ऑन" पण पंप ढिम्म, तर गडबड रिलेपासून (कंट्रोलरच्या आदेशाने पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) पुढे, वायर, ब्रेकर किंवा मोटर यातच कुठेतरी. एवढ्या एका नजरेत निम्मं काम होतं, आणि रिसेटचं बटण दाबलं की हा पुरावा गेला. म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा, एरर कोड असेल तर त्याचाही.

2. चार-पाच दिवस वेळ लिहून ठेवा

कंटाळवाणं काम आहे पण याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. कधी बंद पडलं, तेव्हा ऊन होतं की पाऊस, त्या क्षणी दुसरं काय चालू झालं (हीटर, लाईट, व्हॉल्व्ह फिरला का), आणि परत आपोआप सुरू झालं की हाताने करावं लागलं.

रोज घड्याळ लावल्यासारखं त्याच मिनिटाला बंद पडत असेल तर शेड्यूल. ऐन उन्हात बंद आणि थंड झाल्यावर आपोआप चालू, तर मोटर किंवा ड्राइव्ह तापतोय. पाऊस पडून गेला की बंद, तर कुठेतरी पाणी शिरतंय. लाईट लावली की बंद, तर लाईट तपासा, उगाच पंप खोलत बसू नका.

3. आदेश कोण देतंय?

इथे थोडा वेळ घालवा, कारण डिस्प्ले चालू आणि पंप ऑफ अशी केस असेल तर चोर बहुतेक इथेच सापडतो. आधी कंट्रोलरचं घड्याळ बरोबर आहे का बघा, एएम-पीएमची गडबड असली तरी पंप भलत्याच वेळी बंद होतो. वीज जाऊन आल्यावर घड्याळ मागे पडत असेल तर बॅकअप सेल संपलाय, बऱ्याच बोर्डांवर तो नाण्यासारखा 3 व्होल्टचा असतो.

मग सगळी शेड्यूल कागदावर उतरवून काढा. होय, कागदावर, स्क्रीनवर एकेक पान उलटताना लक्षात येत नाही. समजा एक शेड्यूल सकाळी 8 ते दुपारी 1 आणि कुणीतरी नंतर दुसरं टाकलंय 11 ते 4, तर काही कंट्रोलर 1 वाजता पहिलं संपलं म्हणून पंप बंद करून टाकतात, दुसरं चालू आहे याचं त्यांना काही नसतं. जुनं डिलीट करा, एकच सलग शेड्यूल ठेवा, विषय संपला.

त्याशिवाय हाताने चालू केलेल्या सर्किटला ठराविक तासांनी बंद करणारा टायमर असतो, तो बघा. ऑटोमॅटिक काम थांबवणारा सर्व्हिस मोड, टाइमआउट मोड चुकून लागलेला नाही ना ते बघा. ॲप किती जणांच्या फोनमध्ये आहे तेही विचारा, एका घरी मी दोन तास वायरी तपासल्या आणि पंप रोज बंद करणारे आजोबा वरच्या खोलीत होते, आवाज होतो म्हणून.

आणि एक कुणाच्या डोक्यात न येणारी गोष्ट, पाण्याच्या कडेला बसवलेला स्पाचा रिमोट. त्याच्या बटणांखाली पाणी शिरलं की तो स्वतःच बटण दाबल्यासारखे सिग्नल पाठवत बसतो. बोर्डावरून त्याची वायर दोन दिवस काढून ठेवा (मेन बंद करून), त्रास थांबला तर चोर सापडला.

वायफाय गेलं म्हणून पंप बंद पडतो असा एक समज आहे. सहसा तसं होत नाही, शेड्यूल कंट्रोलरच्या आत साठवलेलं असतं, वायफाय गेलं तर फोनवर काही दिसणार नाही एवढंच.

4. पाण्याची बाजू

सिस्टिम बंद पडायचं कारण पाण्यातही असू शकतं. फ्लो, म्हणजे पाण्याचा प्रवाह, कमी झाला की फ्लो स्विच किंवा प्रेशर स्विच क्लोरिनेटर आणि हीटर बंद करतो, आणि काही पंप प्रायमिंग मिळालं नाही (हवा निघून पंपात पाणी भरलं नाही) की एरर देऊन थांबतात. तर, पाण्याची पातळी स्किमरच्या (वर तरंगणारी पानं, कचरा ओढून घेणारी भिंतीतली खाच) तोंडाच्या निम्म्यापर्यंत आहे का? स्किमरचं आणि पंपाचं बास्केट पानांनी भरलंय का? फिल्टर साफ केल्यावर काटा जिथे असतो त्यापेक्षा 8 ते 10 पीएसआय वर गेला असेल तर फिल्टर धुवायची वेळ झाली.

पंपाच्या पारदर्शक झाकणातून सतत बुडबुडे दिसत असतील तर सक्शनच्या बाजूने हवा खेचली जातेय. पहिला संशय झाकणाच्या ओ-रिंगवर. काढा, पुसा, बोटाने चेपून बघा, चपटी झाली असेल किंवा चिरा असतील तर नवी टाका, सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियमवालं नको, त्याने रबर फुगतं.

व्हेरिएबल स्पीड पंपात अजून एक गंमत होते. वीज वाचवायला आपण स्पीड खूप खाली आणतो आणि मग फ्लो स्विच लागतच नाही, म्हणून क्लोरिनेटर "नो फ्लो" दाखवत बसतो. स्पीड 100-100 आरपीएमने वाढवत जा आणि एरर जिथे जाते त्याच्या थोडं वर सेट करा.

5. मोटर तापतेय का

मोटरच्या आत थर्मल ओव्हरलोड असतो. मोटर जास्त तापली की तो सप्लाय तोडतो आणि थंड झाली की स्वतःच जोडतो, म्हणून असा पंप कुणी हात न लावता परत सुरू होतो आणि लोकांना वाटतं ऑटोमेशनमध्ये भूत आहे. मागच्या पंख्याच्या जाळीत पानं, कोळ्याची जाळी अडकलीय का बघा. बेअरिंग किरकिरतंय का ऐका. मग इलेक्ट्रिशियनकडून दोन रीडिंग घ्या, पंप चालू असताना मोटरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि क्लॅम्प मीटरवर करंट, दोन्ही नेमप्लेटशी जुळवा. व्होल्टेज 10 टक्क्यांपेक्षा जास्त खाली असेल तर मोटर जास्त करंट ओढते आणि तापते, आणि तिथे मोटर बदलून काहीही होणार नाही, वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे.

6. ब्रेकर पडत असेल तर

साधा ब्रेकर पडतोय की आरसीसीबी किंवा जीएफसीआय, हे आधी ठरवा. साधा ब्रेकर ओव्हरलोड किंवा शॉर्टला पडतो. दुसरा लीकेजला पडतो, जीएफसीआय साधारण 5 मिलिअँपला आणि घरगुती आरसीसीबी बहुतेक 30 मिलिअँपचा असतो, म्हणजे अगदी थोडी वीज जरी भलतीकडे गेली तरी तोडतो. तो सारखा पडतो म्हणून बायपास करणारे महाभाग असतात, असं अजिबात करू नका, तो कुणाचा तरी जीव वाचवत असतो.

त्या लाईनवरचे सगळे लोड सुटे करा, ब्रेकर चढवा, मग एकेक लोड जोडत जा, मधे थोडा वेळ देऊन. ज्याला जोडल्यावर पडला तो दोषी. पाण्याखालच्या लाईटमध्ये गॅस्केटमधून पाणी गेलेलं असणं आणि हीटरचं एलिमेंट फुटलेलं असणं, हे दोन नेहमीचे. सगळे लोड काढूनही पडत असेल तर वायरिंग किंवा ब्रेकरच खराब.

7. आता पॅनल उघडा

मेन बंद, मग टॉर्च घेऊन नुसतं बघा, पाच मिनिटं हात न लावता. टर्मिनलजवळ तपकिरी झालेलं, वितळल्यासारखं इन्सुलेशन म्हणजे ढिला जोड तापतोय. हिरवट-पांढरी पावडर म्हणजे गंज. पॅनलच्या खालीच ॲसिडचा कॅन ठेवला असेल तर हा गंज तिथून येतो, त्याची वाफ तांबं खाते, कॅन लांब हलवा (क्लोरीनजवळ मात्र नाही, ते दोन एकत्र ठेवायचेच नसतात). कंड्युटच्या (वायरी आणणाऱ्या पाइपच्या) तोंडातून ओघळ आलेला दिसतो का बघा, पावसाचं पाणी वायरीवरूनच घरंगळत येतं आणि बरोबर बोर्डावर थेंब पडतो. आणि मुंग्या! रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये मुंग्या चिरडून काळा थर बसतो, कॉन्टॅक्ट कधी लागतो कधी नाही. पालीसुद्धा सापडतात, सविस्तर सांगत नाही. भोकं सील करा, आणि प्रत्येक पॉवर स्क्रू एकदा घट्ट करून घ्या, माझ्या त्या अर्ध्या फेऱ्याच्या नावाने.

8. चोवीस व्होल्ट

रिले आणि व्हॉल्व्हचे ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) बहुतेक सिस्टिममध्ये ट्रान्सफॉर्मरच्या 24 व्होल्ट एसीवर चालतात. ते मीटरने मोजा (यासाठी मेन परत चालू लागतो, तेव्हा सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनच), लोड नसताना 27-28 दिसलं तर ते ठीक. पण व्हॉल्व्ह फिरताना आकडा धपकन खाली येऊन रिले टक-टक-टक वाजायला लागले, तर ट्रान्सफॉर्मर थकलाय किंवा एखादा ॲक्च्युएटर अडकून जास्त करंट खेचतोय. ॲक्च्युएटरचे प्लग एकेक काढून परत बघा, कोणता काढल्यावर व्होल्टेज सुधारतं ते लगेच कळतं. त्याचा व्हॉल्व्ह हाताने फिरवून बघा, कित्येकदा ॲक्च्युएटर बरा असतो आणि आतला व्हॉल्व्हच घट्ट बसलेला असतो.

24 व्होल्ट पक्के आहेत, आदेश ऑन आहे, रिलेच्या कॉइलला वीज पोचतेय आणि तरी पुढे सप्लाय जात नाही, तर रिले बदला, स्वस्तातलं काम आहे. कॉइलपर्यंत वीजच पोचत नसेल, बोर्डाला स्वतःला सप्लाय नीट मिळत असेल आणि वरचं सगळं तपासून झालं असेल, तर मग खुशाल म्हणा बोर्ड गेला. टेक्निशियनला फोन करताना ते फोटो आणि वेळांचा कागद समोर धरा, तो आला की पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.