द्राक्षाचा रस आंबू न देता कसा टिकवायचा
न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी थॉमस ब्रॅमवेल वेल्च या दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षरसाच्या बाटल्या गरम पाण्यात तापवून रस आंबणं थांबवलं. वेल्च कंपनीची सुरुवात तिथली. घरची कृती त्याच तत्त्वावर चालते.

पिकलेली द्राक्षं देठ काढून धुवा, कुस्करा. जेमतेम बुडतील इतकं उकळतं पाणी घालून मंद आचेवर १० मिनिटं शिजवा, ओल्या मलमलीतून गाळा. फडकं पिळू नका, रस गढूळ होतो. मग २४ ते ४८ तास फ्रिजमध्ये ठेवाच. बरेच जण इथेच घाई करतात, नि पुढे बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात. ते टार्टरचे, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाच्या क्षाराचे, बाधत नाहीत, पण दाताखाली कचकचतात. वरचा नितळ रस अलगद ओतून घ्या.

साखर चवीपुरती. रसाला उकळी फुटू लागली की गरम बरण्यांत काठाखाली ६ मिमी जागा सोडून भरा. थंड बरणीला तडा जातो. नवी झाकणं लावून अर्धा ते एक लिटरच्या बरण्या उकळत्या पाण्यात बुडवून ५ मिनिटं ठेवा, समुद्रसपाटीपासून ३०० ते १८०० मीटर उंचीवर १० मिनिटं. पुढे झाकण फुगलं किंवा उघडताना रस फसफसला, तर चवही न बघता फेकून द्या.