आगोटीची सुकी मासळी: पाकिटात ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकण्याआधी

मृग ७ किंवा ८ जूनला लागतो, आणि आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते. त्यामुळे आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधी साठवण भरून ठेवण्याचं, काम मे महिन्यातच उरकायला हवं, तेही ऊन कडक असताना. वळवाचा एक जरी शिडकावा झाला तरी हवा दमट होते आणि दोन दिवसांचं वाळवण वाया जातं. आमच्या घरी गेली काही वर्षं बोंबील, सोडे, जवळा आणि करदी पत्र्याच्या डब्यात न ठेवता ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून पाकीटबंद करतो. पहिल्या वर्षी माझ्या हातून दोन चुका झाल्या आणि आईने निवडून, साफ करून दिलेले तीन किलो बोंबील टाकून द्यावे लागले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून ही तयारी जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी ही पुडी काय करते ते नीट समजून घ्या, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. पुडीत लोखंडाची बारीक पूड असते आणि जोडीला थोडं मीठ. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. मीठ तो गंज लवकर चढवतं, जसे खाऱ्या वाऱ्याने कोळीवाड्यातले पत्रे लवकर गंजतात. एक ग्रॅम लोखंड साधारण ३०० घन सेंटिमीटर ऑक्सिजन खातं. १९७७ साली जपानमध्ये ‘एजलेस’ या नावाने अशा पुड्या बाजारात आल्या, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पुड्या त्याच तत्त्वावर चालतात. ऑक्सिजन गेला की मासळीतली चरबी खवट होत नाही, बुरशी धरत नाही आणि किडे गुदमरून मरतात. पण ही पुडी मासळी वाळवत नाही. ओलावा शोषण्याचं काम तिचं नाहीच. मी ती सिलिका जेलची मोठी बहीण समजून अर्धवट वाळलेल्या बोंबलांत टाकली होती.

अर्धवट ओली मासळी आणि ऑक्सिजन नसलेलं पाकीट हा मेळ धोक्याचा आहे. बोट्युलिझमचं (अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं) विष तयार करणाऱ्या जिवाणूला वाढायला हवा नकोच असते, ओलावा मात्र भरपूर लागतो. उघड्या डब्यात ओल राहिली तर बुरशी दिसते, कुबट वास येतो, आपण सावध होतो. बंद पाकिटात बुरशी धरत नाही, वासही नेहमीसारखा येत नाही, त्यामुळे ही सूचना मिळतच नाही. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर पदार्थाची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे जिवाणूंना वापरता येईल अशा पाण्याचं शून्य ते एक या मापातलं प्रमाण, ०.८५ किंवा त्याहून कमी असली पाहिजे. घरी हे मोजायचं यंत्र नसतं, म्हणून वाळवणात कणभरही सवलत द्यायची नाही. या तयारीतलं बाकी काही चुकलं तर मासळी वाया जाईल. हे चुकलं तर माणूस आजारी पडेल.

म्हणून तयारीची सुरुवात उन्हात करायची. वलांडीवर (बोंबील वाळत टाकायच्या बांबूच्या मांडणीवर) जबड्यात जबडा अडकवून वाळवलेले बोंबील बाजारातून आणले तरी ते तुमच्या हाती येईपर्यंत सादळलेले असतात, असंच धरून चाला. डोकं, शेपूट आणि पर कात्रीने काढा, तुकडे करा आणि जाळीखाली दोन-तीन दिवस पुन्हा कडक ऊन द्या. संध्याकाळी पाच वाजले की उचलून घरात आणून झाकायचे, नाहीतर रात्रीच्या दमट हवेने दिवसभरचं काम फुकट जातं. तुकडा मोडला की कट् असा आवाज आला पाहिजे. तो नुसताच वाकला तर आत ओल आहे. याहून भरवशाची परीक्षा वजनकाट्याची. एक ताट मासळीचं वजन लिहून ठेवा, दिवसभर ऊन द्या, पुन्हा वजन करा. दोन दिवस वजन तेवढंच राहिलं की पाणी निघून गेलं. तरीही शंका असेल तर मूठभर मासळी काचेच्या कोरड्या बरणीत बंद करून उन्हात ठेवा. दुसऱ्या दिवशी काचेला आतून वाफ धरलेली दिसली तर सगळी मासळी परत उन्हात.

आता कोणती मासळी घ्यायची. जवळा, करदी, सोडे, बोंबील, वाकट्या या पद्धतीत उत्तम टिकतात, कारण त्यांत तेल कमी असतं आणि त्या खडखडीत वाळतात. खारा बांगडा मात्र यातून वगळा. तो मऊ असतो, तेलकट असतो, आणि घरी खारवताना मीठ प्रत्येक तुकड्यात सारखं मुरतंच असं नाही. तो मिठासकट काचेच्या बरणीत फ्रिजमध्येच ठेवा. बांगड्याचं आणखी एक आहे. ताजा असतानाच तो उन्हात पडून राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते वाळवून, शिजवून किंवा पुडी टाकून जात नाही. तोंडावर लाली, अंगाला खाज, डोकेदुखी हा त्रास त्यानेच होतो. तेव्हा घरी वाळवायचा असेल तर होडीवरून उतरलेला, बर्फातलाच बांगडा घ्या.

मटण वाळवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. मराठवाड्यात मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करण्याची जुनी रीत आहे. पुडी घालून त्या ठेवायच्या असतील तर चरबी काढून टाका, मांस वाळवण्याआधी आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस गरम होईल असं शिजवा आणि मगच वाळवा. कोंबडीला ७४ अंश लागतात. आधी वाळवून मग गरम करणं पुरेसं नाही, कारण कोरड्या मांसात जिवाणू उष्णतेला अधिक चिवट होतात.

किडीचा बंदोबस्त पॅकिंगच्या आधी करा. वाळलेल्या मासळीत दिसणारे काळपट किडे आणि केसाळ अळ्या बाहेरून येतातच, पण अंडी बहुतेक वेळा बाजारातूनच सोबत आलेली असतात. श्रावण पाळणाऱ्या आमच्यासारख्या घरात बरणी महिनाभर उघडली जात नाही, आणि कीड नेमकी त्याच महिन्यात वाढते. पुडीने किडे मरतात, पण मेलेला किडाही पाकिटात कोणाला नको असतो. म्हणून मासळी आधी चाळून, निवडून घ्या. डीप फ्रीझर असेल तर घट्ट बंद पिशवीत उणे १८ अंशाला चार-पाच दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडली तर थंड मासळीवर दव धरतं. त्यानंतर एक दिवस ऊन द्या. कीड लागू नये म्हणून कुठलीही पावडर, बोरिक सुद्धा, खाण्याच्या मासळीवर टाकू नका.

सामान आठवडाभर आधी आणून ठेवा. साधी प्लास्टिकची पिशवी चालत नाही, तिच्यातून हवा हळूहळू आत येते आणि पुडी चार दिवसांत संपते. आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले, निदान १०० मायक्रॉन जाडीचे पाउच घ्या. नुसत्या झिपवर विसंबू नका, झिपच्या वर सीलिंग मशीनने दोन रेघा मारा. बोंबलाची टोकं पाउच भोसकतात, म्हणून वर तुकडे करायला सांगितले. तरी धाकधूक वाटली तर तुकडे आधी कागदात गुंडाळून मग भरा.

पुडीचा आकार अंदाजाने ठरवू नका. पुडीवर १००, ३०० किंवा ५०० सीसी (घन सेंटिमीटर, म्हणजेच मिलिलिटर) लिहिलेलं असतं, ते ती किती ऑक्सिजन शोषते त्याचं माप आहे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. एक पाउच पाण्याने भरून ते पाणी मोजा, त्यातून मासळीचं वजन वजा करा आणि उरलेल्याला ०.२१ ने गुणा. समजा दोन लिटरच्या पाउचमध्ये पाव किलो जवळा भरला. २००० मधून २५० गेले, उरले १७५०, त्याचे २१ टक्के म्हणजे साधारण ३६८. तर ५०० सीसीची पुडी. दीड लिटरच्या पाउचमध्ये अर्धा किलो सोडे भरले तर आतली हवा १००० मिलिलिटर, ऑक्सिजन २१०, तेव्हा ३०० सीसी पुरते. जवळा हलका आणि फुगीर, म्हणून वजन कमी असूनही त्यालाच मोठी पुडी लागते. पुडी मोठी पडली तर काही बिघडत नाही, लहान पडली तर सगळं फुकट.

माझी दुसरी चूक म्हणजे शोषक पुडी आणि सिलिका जेल एकाच पाकिटात घालणं. लोखंडाला गंजायला थोडी ओल लागते, ती पुडीतच ठेवलेली असते. सिलिका जेल ती ओल खेचून घेतं आणि पुडी काम सोडते. दोन्ही एकत्र कधीच नको.

पॅकिंगचा दिवस कोरडा, भर दुपारचा निवडा. मासळी उन्हातून आणून सावलीत पूर्ण गार होऊ द्या, गरम भरली तर आत घाम येतो. सगळे पाउच आधी भरून, तारीख आणि नाव लिहून ओळीत उभे करा, सीलिंग मशीन तापवून ठेवा, एक माणूस मदतीला घ्या. मगच पुड्यांचं मोठं पाकीट कापा. उघडल्यापासून पंधरा मिनिटांत सगळं सील झालं पाहिजे. आमच्याकडे वहिनी पुडी मध्यभागी खोचते आणि मी सील मारते. चांगली पुडी हाताला भुसभुशीत लागते, काम करताना कोमट होते. दगडासारखी कडक लागली तर ती आधीच संपलेली आहे. उरलेल्या पुड्या लगेच छोट्या काचेच्या बरणीत कोंबून झाकण घट्ट लावा. सोबत गुलाबी गोळी मिळाली तर तीही जपा. गुलाबी म्हणजे ऑक्सिजन नाही, निळी-जांभळी झाली म्हणजे आहे.

दोन-तीन दिवसांनी प्रत्येक पाउच हातात घेऊन पाहा. तो थोडा आत बसलेला दिसेल. व्हॅक्युमसारखा आवळलेला दिसणार नाही, कारण हवेतला नायट्रोजन आतच राहतो. अजिबात न बसलेला पाउच उघडा, नवी पुडी घालून पुन्हा सील करा. पावसाळ्यात एखादा पाउच फुगलेला दिसला तर उघडूही नका, चवही पाहू नका, तसाच टाकून द्या.

पाउच लहान करा, एका वेळच्या कालवणापुरते. उघडल्यावर पुडी संपली, आणि आषाढातल्या हवेत उरलेला जवळा संध्याकाळपर्यंत सादळतो. गॅसच्या वरचा माळा टाळा, तिथे उष्णता असते. अंधाऱ्या, गार कपाटात आधी भरलेले पुढे, नंतरचे मागे, असे लावा. मासळी पुढच्या आगोटीच्या आत संपवा. मुलांना आणि घरातल्या वयस्कर माणसांना पुडी दाखवून ठेवा, ती मसाल्याची नाही. मासळी मायक्रोवेव्हमध्ये गरम करणार असाल तर पुडी आधी बाहेर काढा, आत लोखंड आहे. आमच्याकडे गटारीसाठी सोड्यांचे दोन पाउच कपाटात सर्वांत पुढे, वेगळी चिठ्ठी लावून ठेवलेले असतात.