हेलिकॉप्टर उद्योगाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

गेल्या पाच वर्षांच्या विक्रीचा आलेख तसाच पुढे ओढला, की अंदाज तयार झाला असं अनेकांना वाटतं. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक तीच. हेलिकॉप्टर कामासाठी घेतलं जातं, म्हणून आधी पाहायचं ते काम: किती तासांचं आहे आणि त्याचे पैसे कोण देणार.

२०१४च्या मध्यापर्यंत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १०० डॉलरच्या वर होता. समुद्रातल्या तेलफलाटांवर कामगारांची ने-आण जोरात होती आणि मोठ्या हेलिकॉप्टरच्या ऑर्डरी भराभर सुटत होत्या. २०१६च्या सुरुवातीला भाव ३० डॉलरच्याही खाली गेला. त्याच वर्षी ही ने-आण करणारी सीएचसी, २०१८मध्ये हेलिकॉप्टर भाड्याने देणारी वेपॉइंट आणि २०१९मध्ये पीएचआय व ब्रिस्टो या हेलिकॉप्टर सेवा कंपन्यांना दिवाळखोरी कायद्याचा आसरा घ्यावा लागला. ऑर्डर म्हणजे मागणी नव्हे, हे यातून दिसलं. कामाविना उभी राहिलेली हेलिकॉप्टरं भंगारातही जात नाहीत. नीट देखभाल केली तर ती कित्येक दशकं उडतात आणि स्वस्तात मिळू लागली की नव्यांचं गिऱ्हाईक खातात. तुमचा अंदाज सतत फुगत असेल, तर आधी हँगरमध्ये किती यंत्रं रिकामी आहेत ते मोजा.

नव्या यंत्राच्या जाहीर तारखेवरही विसंबू नका. एडब्ल्यू६०९ हे टिल्टरोटर (पंखे वळवून हेलिकॉप्टरसारखं उठणारं आणि विमानासारखं उडणारं यंत्र) २००३मध्ये पहिल्यांदा उडालं. दोन दशकं उलटली तरी ते प्रमाणपत्राच्या प्रतीक्षेतच होतं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेण्याचा, विजेवरची हवाई टॅक्सी बनवणाऱ्या व्होलोकॉप्टरचा बेतही फसला आणि वर्षअखेर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. विजेवरच्या हवाई टॅक्सीमुळे हेलिकॉप्टर संपणार, असं मला तरी इतक्यात दिसत नाही. बॅटरीचं वजन उड्डाणभर तेवढंच राहतं. इंधन जळत जाऊन हलकं होतं.

नगांची बेरीज हीसुद्धा फसवी. चार आसनी रॉबिन्सन आर४४ आणि पंधरा प्रवासी नेणारं एडब्ल्यू१३९ एकाच रकान्यात मोजलं, तर पैशांचं चित्र पार बिघडतं.

आणि पुरवठा! एप्रिल २०१६मध्ये नॉर्वेत तेलफलाटावरून परतणारं एच२२५ हे मोठं हेलिकॉप्टर कोसळून १३ जण गेले. मुख्य गिअरबॉक्समधलं दातेरी चाक, धातू थकल्यामुळे, तुटलं होतं. तेलक्षेत्राने त्या मॉडेलकडे पाठ फिरवली, भार एस-९२ या दुसऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरवर आला आणि पुढे त्याच्याच सुट्या भागांची टंचाई झाली. काम होतं, वैमानिक होते, पण यंत्रं जमिनीवर. म्हणून प्रत्येक कामापुढे ते नेमकं कोणत्या मॉडेलवर टेकलं आहे, हेही लिहून ठेवा.