व्यायामशाळा आणि क्रीडागृहांतील हवा अतिनील किरणांनी शुद्ध करताना

शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा श्वासावाटे आत-बाहेर करतो, तर ट्रेडमिलवर जोरात धावताना किंवा झुंबाच्या वर्गात हेच प्रमाण ६० लिटरच्या पुढे जाते. त्यामुळे २० जण दमून व्यायाम करत असलेल्या खोलीतील हवेवर जवळपास दीडशे बसलेल्या माणसांइतका भार पडत असतो. २०२०च्या सुरुवातीला दक्षिण कोरियातील चोनान शहरात नृत्य-व्यायामाच्या वर्गांमधून १२ क्रीडासंस्थांशी संबंधित ११२ जणांना कोविडची लागण झाली. त्याच साखळीतील एक बाधित प्रशिक्षिका त्याच काळात सात-आठ जणांचे योग आणि पिलाटीसचे संथ वर्ग घेत होती, पण तिच्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही बाधित आढळले नाही. वर्ग लहान होते हे खरे असले, तरी श्वासाच्या जोराचा या फरकात वाटा असावा, असे तेथील अभ्यासकांनी नोंदवले आहे. आपल्याकडील सोसायट्यांची क्लबहाऊस, तळघरातील जिम आणि वातानुकूलित क्रीडागृहे यांचा विचार करताना ही घटना डोळ्यांसमोर ठेवावी, कारण या जागा बांधताना हवेचा विचार बहुधा सर्वांत शेवटी झालेला असतो.

हवेतील जंतू मारण्यासाठी अतिनील किरणांचा यूव्ही-सी हा पट्टा, म्हणजे २०० ते २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, वापरतात. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा प्रकाश बाहेर पडतो आणि तो जिवाणू-विषाणूंच्या जनुकीय द्रव्याची अशी मोडतोड करतो की त्यांना पुढे वाढता येत नाही. हे तंत्र नवे नाही. १९३०च्या दशकात विल्यम वेल्स यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया परिसरातील शाळांच्या वर्गांत असे दिवे वरच्या भागात बसवून गोवराच्या साथीवर त्यांचा परिणाम अभ्यासला होता. अलीकडे दक्षिण आफ्रिकेतील एका क्षयरोग रुग्णालयात झालेल्या प्रयोगात वॉर्डमधील हवा गिनीपिगच्या दोन गटांना दिवसाआड देण्यात आली. एका गटाच्या वाट्याला दिवे चालू असतानाची हवा आली, दुसऱ्याच्या वाट्याला दिवे बंद असतानाची, आणि नीट आखलेल्या दिव्यांमुळे संसर्ग सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

या दिव्यांना काय जमत नाही, हे खरेदीपूर्वीच समजून घ्यावे. अतिनील किरण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाहीत, पीएम २.५ धूलिकण गाळत नाहीत, रबरी मॅटचा किंवा रंगाचा वास घालवत नाहीत आणि घामाने जड झालेली हवा ताजी करत नाहीत. त्यांचे काम जंतूंपुरते आहे. म्हणून ताजी हवा, गाळणी आणि त्यानंतर अतिनील किरण हाच क्रम ठेवावा, आणि कोणी विक्रेता हा क्रम उलटा सांगत असेल तर त्याच्याकडून काही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात मोजमापापासून

इन्फ्रारेड सेन्सर असलेला कार्बन डायऑक्साइड मापक घ्यावा आणि तो खिडकी, पंखा किंवा कोणाच्या तोंडासमोर न ठेवता बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळच्या नोंदी सलग आठवडाभर घ्याव्यात. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दशलक्ष भागांत साधारण ४२० ते ४५० असते. आतला आकडा गर्दीतही १०००च्या खाली राहत असेल तर ताज्या हवेची व्यवस्था बरी आहे असे समजावे. तो १५००च्या वर जात असेल तर दिव्यांचा विचार बाजूला ठेवून आधी एक्झॉस्ट पंखे आणि हवा आत येण्याचे मार्ग पाहावेत. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही, त्यामुळे चार एसी लावलेली बंद जिमसुद्धा हवेच्या बाबतीत कोंडलेलीच राहते.

त्यानंतर गरजेचा हिशेब मांडावा. १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच जिमचे घनफळ २८८ घनमीटर होते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२३मध्ये वापरातील खोल्यांसाठी ताशी किमान ५ हवाबदलांइतकी, म्हणजे तासाला खोलीच्या घनफळाच्या पाचपट, स्वच्छ हवा सुचवली आहे आणि त्यानुसार या जिमला ताशी १४४० घनमीटर हवा लागेल. मात्र अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या, संसर्गजन्य हवेबद्दलच्या २४१ क्रमांकाच्या २०२३च्या मानकात जिमसाठी माणशी सेकंदाला ४० लिटर हवा धरली आहे. एका वेळी २० जण असतील तर ही गरज ताशी २८८० घनमीटर, म्हणजे १० हवाबदल इतकी होते. व्यायामशाळेसाठी मी दुसराच आकडा धरावा असे सांगेन, कारण तो माणसांच्या संख्येवर बेतलेला आहे. एक्झॉस्ट पंख्यांमधून मिळणारी ताजी हवा आणि गाळणीयंत्रांची शुद्ध हवेची क्षमता या गरजेतून वजा केली की जी तूट उरते, ती अतिनील किरणांनी भरून काढायची असते.

दिवे कोठे बसवावेत

बहुतेक जिमसाठी सर्वांत परिणामकारक पद्धत म्हणजे खोलीच्या वरच्या भागातील हवेवर किरण सोडणे. पट्ट्यांच्या झडपा असलेले दिवे भिंतीवर असे बसवतात की प्रकाश आडवा, डोक्यांच्या वरूनच जातो. माणसांच्या अंगातील उष्णतेने आणि पंख्यांमुळे हवा वर चढते, किरणांमधून जाते आणि पुन्हा खाली येते. यासाठी छत किमान २.४ मीटर उंच असावे आणि दिव्याचा खालचा काठ जमिनीपासून किमान २.१ मीटरवर असावा. दिव्यांची संख्या ठरवताना दिव्यावर लिहिलेली वीज किती हे विचारू नये. संपूर्ण संचातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी यूव्ही-सी ऊर्जा किती, हे विचारावे, कारण झडपांमध्ये बराचसा प्रकाश अडतो. दक्षिण आफ्रिकेतील त्या प्रयोगात खोलीच्या दर घनमीटरला १५ ते २० मिलिवॅट ऊर्जा परिणामकारक ठरली होती. आपल्या २८८ घनमीटरच्या जिमला त्या हिशेबाने साधारण ४.३ ते ५.८ वॅट यूव्ही-सी लागेल. विक्रेत्याला हा आकडा लेखी देता येत नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

हवा मिसळली नाही तर ही पद्धत निष्फळ ठरते. जिममध्ये छताचे पंखे मंद गतीने चालू ठेवून हा प्रश्न सुटतो, पण बॅडमिंटनच्या हॉलमध्ये सुटत नाही, कारण थोड्याशा वाऱ्यानेही फूल भरकटते आणि खेळाडू पंखेच काय, खिडक्यासुद्धा बंद ठेवायला सांगतात. अशा हॉलमध्ये हवा खालच्या जाळ्यांमधून कोर्टाच्या कडेने हळू आत घ्यावी आणि छताजवळून बाहेर काढावी, आणि दोन तुकड्यांमधल्या वेळेत पंखे पूर्ण वेगाने चालवावेत. अतिनील किरण वापरायचेच असतील तर ते हवा वाहून नेणाऱ्या डक्टमध्ये वापरणे येथे अधिक योग्य ठरते. टेबल टेनिसच्या खोलीलाही हेच लागू होते.

मल्लखांबाचे उदाहरण तर आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवायला हवे. पुरलेल्या मल्लखांबाची उंची अडीच मीटरच्या आसपास असते आणि खेळाडू त्याच्या टोकावर तोल सांभाळत असतो. दोरीच्या मल्लखांबात तो आणखी वर जातो. ज्या पट्ट्यात आपण किरण सोडणार, त्याच पट्ट्यात मुलांचे डोळे येतात. जेथे मल्लखांब, गिर्यारोहणाची कृत्रिम भिंत किंवा उंच पुल-अपच्या दांड्या आहेत, तेथे वरच्या भागातील उघडे किरण कदापि वापरू नयेत. दिवा पूर्णपणे आत बंद असलेली आणि पंख्याने हवा ओढून घेणारी यंत्रे अशा जागी वापरावीत.

मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या इमारतीत दिवे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या कॉइलच्या समोर बसवता येतात. त्यामुळे ओल्या कॉइलवर बुरशी वाढत नाही, ज्याचा किनारपट्टीवर मोठा उपयोग आहे. वाहत्या हवेतील जंतू मारायला मात्र डक्टमध्ये कितीतरी जास्त ऊर्जा लागते, कारण हवा किरणांसमोर क्षणभरच राहते. भारतात चंदीगडच्या सीएसआयओ या वैज्ञानिक उपकरणांवर काम करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेने कोविडच्या काळात अशी डक्टमधील प्रणाली विकसित केली. घरगुती एसीच्या आत बसवलेल्या एखाद्या लहानशा यूव्ही एलईडीकडून व्यायामशाळेची हवा शुद्ध होण्याची अपेक्षा ठेवू नये. रिकाम्या खोलीत पेटवायचे उघडे दिवेही येथे निरुपयोगी आहेत, कारण माणसे श्वास घेत असताना ते बंदच ठेवावे लागतात.

ओझोनबाबत तडजोड करू नये. १८५ नॅनोमीटरचा प्रकाश हवेतील ऑक्सिजनपासून ओझोन तयार करतो आणि जोराने श्वास घेणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांना तो इतरांपेक्षा अधिक त्रास देतो. म्हणून हा प्रकाश अडवणाऱ्या काचेचे, ओझोनमुक्त असल्याचे प्रमाणित दिवेच घ्यावेत. २२२ नॅनोमीटरचे नवे दिवे त्वचेला आणि डोळ्यांना तुलनेने कमी घातक मानले जातात, पण तेही थोडा ओझोन निर्माण करतात आणि कोंदट खोलीत तो साठतो.

चालू करण्यापूर्वीची तपासणी

२५४ नॅनोमीटरच्या किरणांसाठी आठ तासांत दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल ही सुरक्षिततेची रूढ मर्यादा आहे. सलग आठ तास खोलीत राहणाऱ्या प्रशिक्षकासाठी ती सरासरी ०.२ मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर इतकी होते. मर्यादा ओलांडली तर डोळे चुरचुरून लाल होतात, वाळू गेल्यासारखे टोचतात आणि त्वचा भाजल्यासारखी होते. ही लक्षणे काही तासांनी दिसत असल्यामुळे त्यांचा दिव्याशी असलेला संबंध अनेकदा लक्षातच येत नाही. म्हणून दिवे बसवणाऱ्याने २५४ नॅनोमीटरसाठी प्रमाणित केलेल्या मापकाने खोलीभर वाचन घेऊन नकाशा द्यावा, अशी अट कामाच्या आदेशातच घालावी. हे वाचन जमिनीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर घेऊन भागत नाही. ट्रेडमिलवर उभा उंच माणूस, पायऱ्यांच्या यंत्राची वरची पायरी आणि उडी मारण्याचा लाकडी खोका येथेही मापक धरावा.

साध्या काचेचे आरसे हे किरण बहुतांशी शोषून घेतात, त्यामुळे आरशांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. खरा धोका चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या डक्टपासून आणि धातूच्या छतपट्ट्यांपासून असतो, कारण त्यांवरून किरण जोरात परावर्तित होऊन खाली येतात. दिव्यांच्या पट्ट्यातील असे पृष्ठभाग परावर्तन न करणाऱ्या रंगाने रंगवावेत. तेथील प्लॅस्टिकच्या वायरी, बॅनर आणि कृत्रिम रोपे काढून टाकावीत, कारण किरणांनी ती ठिसूळ होतात. शिडी घेऊन वर चढणाऱ्या माणसासाठी दिव्यांचे वेगळे बटण आणि मराठीत लिहिलेली ठळक सूचना असलीच पाहिजे. बल्ब बदलायला येणारा कामगार हाच या यंत्रणेतील सर्वांत मोठ्या जोखमीचा माणूस असतो.

पावसाळ्यात मुंबई आणि कोकणात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि साधारण ६० टक्क्यांच्या पुढे या किरणांचा परिणाम घटू लागतो. वातानुकूलित जिममध्ये आर्द्रता त्याखाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. ते शक्य नसेल तर त्या महिन्यांत खिडक्या उघडून बाहेरची हवा भरपूर घेणे अधिक फायद्याचे ठरते, कारण पावसाने तेव्हा बाहेरची धूळ बसलेली असते.

बंदिस्त जलतरण तलावाची गोष्ट वेगळी आहे. तेथे डोळे चुरचुरतात आणि खोकला येतो तो घाम-लघवीतील नायट्रोजनयुक्त घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनमुळे, आणि ते पाण्यातून हवेत येतात. म्हणून अतिनील दिवे तेथे हवेसाठी न लावता तलावाचे पाणी फिरवणाऱ्या नळीत बसवावेत, त्यासाठी मध्यम दाबाचा दिवा निवडावा, आणि पोहण्यापूर्वी शॉवर घेण्याचा नियम कडकपणे पाळावा.

देखभालीसाठी एक वही ठेवावी. पाऱ्याचा दिवा साधारण ९००० तासांनी, म्हणजे अखंड चालवल्यास वर्षभराने, निळा उजेड देत राहिला तरी त्याची जंतुनाशक शक्ती घटलेली असते. म्हणून तो विझण्याची वाट न पाहता तासांच्या हिशेबाने बदलावा. दिव्यावरील धूळ दर तीन महिन्यांनी, वीज बंद करून आणि दिवा थंड झाल्यावर, अल्कोहोलने भिजवलेल्या धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी आणि काचेला उघड्या हाताने स्पर्श करू नये. जुने दिवे कचऱ्याच्या डब्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत, कारण त्यांत पारा असतो. छताला नवा रंग दिला, एखादे उंच यंत्र नवे आले किंवा दिव्याची जागा हलली, तर मापकाने पुन्हा वाचन घेईपर्यंत दिवे बंद ठेवावेत.