त्याग चक्रात गावच्या जवानाचं नाव शोधताना

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात गावच्या जवानाचं नाव शोधायचं, तर निम्मं काम घरीच उरकावं लागतं. तिथल्या त्याग चक्रातल्या भिंतींवर २५ हजारांहून अधिक नावं आहेत. ‘आमच्या गावचे शिंदे’ एवढ्यावर काही हाती लागत नाही.

आधी जवान कोणत्या युद्धात गेला ते पक्कं करा. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी लोकार्पण झालेल्या या स्मारकात स्वातंत्र्यानंतरचे हुतात्मे आहेत. पणजोबा पहिल्या महायुद्धात पडले असतील, तर ते इथे सापडणार नाहीत. शेजारच्या इंडिया गेटवर त्या काळातली १३ हजारांवर नावं आहेत खरी, पण बरीचशी इतकी उंच की खालून वाचताच येत नाहीत. दोन्ही महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे त्या युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, ऑनलाइन यादी बरी. तिच्यात कधीकधी वडिलांचं नाव आणि गावही मिळतं.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानाचा आर्मी नंबर, हुद्दा, पलटण आणि वर्ष कागदावर लिहून घ्या. पेन्शनच्या कागदांत नंबर असतोच. ते कागद नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मग स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधून पाहा. खरी गोची इंग्रजी स्पेलिंगची. ‘साळुंखे’त ‘यू’ आहे की ‘ओ ओ’, ‘विठ्ठल’मध्ये ‘टी’ एक की दोन, हे भरतीच्या वेळी कारकुनाने ठरवलेलं असतं. त्यामुळे तीन-चार तऱ्हांनी शोधा, आणि आडनाव जमत नसेल तर नुसतं पहिलं नाव टाका.

प्रवेश विनामूल्य आहे. आवारात चार वर्तुळं आहेत: मधोमध ज्योतीचं अमर चक्र, मग कांस्यशिल्पांचं वीरता चक्र, त्याबाहेर नावांच्या भिंतींचं त्याग चक्र आणि सगळ्यांत बाहेर झाडांचं रक्षक चक्र. थेट त्याग चक्र गाठा, बाकीचं नंतर निवांत बघा. इथे प्रत्येक जवानाची स्वतंत्र ग्रॅनाइटची पाटी आहे. बरोबर म्हातारी माणसं असतील तर उन्हाळ्यात दुपार टाळाच, दगड तापतो. संध्याकाळी गेलात तर पुष्पचक्र अर्पण करण्याचा कार्यक्रमही पाहायला मिळतो. वेळ मात्र सूर्यास्तानुसार बदलते.

पाटीचा फोटो समोरून काढला की दगडात आपलंच प्रतिबिंब येतं. जरा तिरकं उभं राहा, फ्लॅश बंद ठेवा. एक फोटो नुसत्या पाटीचा, दुसरा चार पावलं मागे सरून अख्ख्या भिंतीचा घ्या, म्हणजे पुढे येणाऱ्या नातेवाइकाला जागा दाखवता येते.